चिंगीची मान दुखत होती, भूक मेली नव्हती

प्रश्न : आम्ही चिपळूणला राहतो. आमची चिंगी पॉमेरेनियन, चार वर्षांची, वजन साडेपाच किलो. पावसाळ्यापूर्वी दरवर्षीप्रमाणे शनिवारी सकाळी तिला दोन लशी टोचून आणल्या. एक मानेवर आणि रेबीजची मागच्या उजव्या मांडीत. संध्याकाळपासून ती पलंगाखालून बाहेर येईना. उचलायला गेले की केकाटते, मागचा पाय नीट टेकत नाही. रविवारी दूधभाताला तोंड लावले नाही, हातातले बिस्किट मात्र खाल्ले. मानेवर सुपारीएवढी गाठ लागते. शेजारच्यांनी आमच्याच डब्यातली अंगदुखीची अर्धी गोळी द्यायला सांगितली, सासूबाई हळद-चुन्याचा लेप लावू म्हणतात आणि यजमान म्हणतात की पुढच्या वर्षीपासून लशीच बंद. मी अजून यातले काहीच केलेले नाही. पण तिचे कण्हणे ऐकवत नाही. काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

ताई, सस्नेह नमस्कार.

आपले पत्र माझ्या हाती पडेपर्यंत आठवडा उलटला होता, त्यामुळे हे उत्तर छापून येईल तेव्हा चिंगी अंगणात कावळ्यांच्या मागे धावत असण्याचीच शक्यता जास्त आहे. तरीही सविस्तर लिहितो आहे, कारण मे-जूनमध्ये माझ्या दवाखान्यातला फोन याच तक्रारीने सर्वांत जास्त वाजतो, आणि फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तोवर डब्यातली गोळी कुत्र्याला देऊन टाकलेली असते. आपण ती दिली नाहीत, याबद्दल आपले आधीच आभार मानतो.

आपल्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले : दूधभाताला तोंड लावले नाही, हातातले बिस्किट मात्र खाल्ले. आजारी कुत्र्याची भूक खरोखर गेली असेल, तर ते बिस्किटाकडेही पाठ फिरवते. चिंगीला भूक होती. तिला मान खाली घालता येत नव्हती. मानगुटीच्या सैल कातडीखाली लस टोचली की तिथली सूज मान वाकवताना ताणली जाते, आणि ताटली जमिनीवर असेल तर प्रत्येक घासाला तो ठणका सोसावा लागतो. कुत्र्याला हे सांगता येत नाही; ते ताटलीजवळ येते, वास घेते आणि निघून जाते, आणि आपण समजतो की हिने अन्न सोडले. अशा वेळी ताटली आणि पाण्याचे भांडे पाटावर किंवा एखाद्या उपड्या डब्यावर ठेवावे. तिच्या छातीच्या उंचीला आले की पुरे. पुष्कळ कुत्री एवढ्यानेच जेवू लागतात. मांडी दुखत असल्यामुळे तिला फार वेळ उभेही राहवत नसणार, म्हणून भांड्यांखाली आणि तिच्या पायांखाली एखादे जाड पोते किंवा सतरंजी अंथरावी, म्हणजे गुळगुळीत फरशीवर पाय घसरून दुखऱ्या पायावर भार यायचा नाही. एक दिवस कमी खाल्ले तरी चिंता नाही. मऊ भात किंवा पेज, त्यात थोडे उकडलेले कोंबडीचे मांस, कांदा-लसूण अजिबात नाही, एवढे पुरते. जबरदस्तीने भरवू नये. पाणी मात्र पीत आहे ना, याकडे लक्ष ठेवावे.

आता हे का दुखते, ते सांगतो, कारण मूळ कळले की घाबरणे कमी होते. रेबीजच्या लशीतला विषाणू मारलेला असतो. मेलेल्या विषाणूची शरीराने पुरेशी दखल घ्यावी म्हणून त्या लशीत बहुधा ॲल्युमिनियमचा क्षार मिसळलेला असतो, आणि त्याचे कामच मुळी टोचल्या जागी थोडी चुळबुळ घडवून आणण्याचे असते : तिथे रक्तपुरवठा वाढतो, संरक्षक पेशी गोळा होतात, जागा सुजते आणि दुखते. मानेवर दिलेल्या एकत्रित, म्हणजे एकाच सुईतून अनेक आजारांवर दिल्या जाणाऱ्या लशीतला लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या आजाराचा) भागही मारलेल्या जिवाणूंचा असतो, आणि ठणक्यात त्याचा वाटा बऱ्यापैकी असतो. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या आजारांचे जिवंत पण दुर्बल केलेले विषाणू त्या मानाने सौम्य. म्हणजे चिंगीच्या दोन्ही दुखऱ्या जागांचा हिशेब लागतो, आणि तिचे लंगडणे म्हणजे पायाचे हाड किंवा सांधा दुखावला असे नव्हे. मांडीच्या स्नायूत टोचलेली लस दोन दिवस पाय जड करते. आपल्यालाही दंडात धनुर्वाताचे इंजेक्शन घेतल्यावर त्या कुशीवर झोपवत नाही, तसेच हे. ठणका साधारणपणे पहिल्या संध्याकाळी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत जास्त असतो आणि बहुतेक कुत्र्यांत ४८ तासांच्या आत ओसरतो. क्वचित तिसरा दिवसही लागतो. या काळात सुस्ती आणि बारीक ताप असू शकतो.

चिंगी लहान चणीची आहे, हेही एक कारण आहे. अमेरिकेत २००५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या आणि लसीकरणानंतरच्या तीन दिवसांत दर १०,००० कुत्र्यांमागे सुमारे ३८ कुत्र्यांत काही ना काही प्रतिक्रिया नोंदवली गेली. वजन जितके कमी तितके हे प्रमाण जास्त होते, आणि दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यांत एकाच भेटीत दिलेल्या प्रत्येक वाढीव लशीमागे धोका २७ टक्क्यांनी वाढत होता. (घरात पलंगाखाली कण्हत पडलेली आणि दवाखान्यात कधीच न आणलेली कुत्री अशा नोंदींत येत नाहीत, त्यामुळे साध्या ठणक्याचे खरे प्रमाण याहून बरेच मोठे असणार, हे माझे मत.) साडेपाच किलोच्या चिंगीला आणि साठ किलोच्या ग्रेट डेनला लशीची मात्रा सारखीच दिली जाते. हे ऐकून अनेक जण मला अर्धी मात्रा द्यायला सांगतात. मी देत नाही. लस हे वजनावर मोजायचे औषध नाही. शरीराला शत्रूची ओळख पटायला जेवढी सामग्री लागते तेवढी पूर्ण द्यावीच लागते, आणि अर्ध्या मात्रेने दुखणे कदाचित कमी होईल, पण संरक्षण मिळाले की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

गोळीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण या संपूर्ण प्रकरणात चिंगीच्या जिवाला खरा धोका होता तो एवढाच. आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या अंगदुखीच्या गोळीत बहुधा ४०० मिलीग्रॅम इबुप्रोफेन आणि ३२५ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असते. तिची अर्धी गोळी म्हणजे २०० मिलीग्रॅम इबुप्रोफेन, आणि चिंगीच्या साडेपाच किलोंवर ते किलोमागे सुमारे ३६ मिलीग्रॅम भरते. कुत्र्यांत किलोमागे २५ मिलीग्रॅमच्या पुढे गेले की उलट्या, जुलाब आणि जठरात जखमा होण्याची भीती असते. मात्रा आणखी वाढली की मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. माणसाच्या शरीरातून हे औषध जितक्या लवकर बाहेर पडते तितक्या लवकर कुत्र्याच्या शरीरातून पडत नाही, म्हणून ‘अर्धीच तर दिली’ हा हिशेब तिथे चालत नाही. डायक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचेही तेच. मेलॉक्सिकॅम हे औषध आम्ही कुत्र्यांना देतो हे खरे आहे. परंतु माणसांची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलीग्रॅमची येते आणि चिंगीला पहिल्या दिवशी जास्तीत जास्त एक मिलीग्रॅमच्या आसपास लागेल, म्हणून कुत्र्यांसाठी ते थेंबांनी मोजायच्या पातळ औषधाच्या रूपात येते. तेही उलट्या होत नाहीत, मूत्रपिंडे ठीक आहेत आणि सोबत स्टिरॉइड चालू नाही, हे पाहूनच लिहून द्यायचे असते. ठणका खरोखरच असह्य वाटला तर लस देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून ‘वेदनाशामक द्यावे का’ असे विचारावे. विचारण्यात कमीपणा काही नाही.

कुणी वाचकाने अशी गोळी आधीच दिली असेल, तर ती लपवू नये. कोणती, किती आणि किती वाजता दिली हे पाकिटासह डॉक्टरांना सांगावे, आणि ते ताबडतोब. पहिल्या तासा-दोन तासांत दवाखान्यात उलटी करवून बरेचसे औषध बाहेर काढता येते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. त्या मिठाने कुत्री दगावलेली आहेत.

सासूबाईंच्या लेपामागची माया कळते, परंतु चुना कातडी भाजतो, आणि पॉमेरेनियनच्या दाट केसांत लेप सुकला की तो काढताना होणारी ओढाताण मूळ ठणक्यापेक्षा वाईट. शिवाय मांडीवर लावलेली वस्तू कुत्र्याच्या पोटात जाते, असेच धरून चालावे, कारण ते चाटणारच. याच कारणाने माणसांची चोळायची मलमेही नकोत. त्यांत गंधपुऱ्याचे तेल आणि कापूर असतो, आणि ही दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

मग करायचे काय? पहिल्या दिवशी थंड शेक. बर्फाचे दोन-तीन लहान खडे पंचात गुंडाळावेत. चिंगीच्या मानगुटीवरचे केस दोन बोटांनी फाकून पंचा कातडीला लागेल असा ठेवावा. केसांच्या वरून शेकले तर तो शेक केसांनाच मिळतो. पाच ते आठ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, आणि तिला आवडत असेल तरच. ती सरकून गेली तर मागे लागू नये. दुसऱ्या दिवसानंतर गाठ घट्ट वाटत असेल, तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक द्यावा; फडके आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. गाठ दाबून, चोळून जिरवण्याचा प्रयत्न करू नये.

तिला उचलायची वेळ आली तर काखेत हात घालून उचलू नये, कारण तसे उचलताना मानेची कातडी ताणली जाते. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि तिचे अंग आपल्या अंगाला टेकवून एकाच वेळी वर घ्यावे. तिने आपण होऊन पलंगाखालची जागा निवडली असेल तर तिथेच पातळ गादी सरकवून द्यावी आणि घरातल्या मुलांना दोन दिवस तिच्यापासून लांब ठेवावे. गुणी कुत्रेदेखील दुखऱ्या जागी अचानक हात लागला तर चावते, आणि मग बिचाऱ्याची बदनामी होते. गळ्यातला पट्टा काढून ठेवावा. शी-शूसाठी बाहेर न्यायचे तर छातीवरून बांधायचा पट्टा वापरावा, आणि तोही गाठीवर घासत नसेल तरच. अंगणापर्यंत जाऊन येण्याएवढे चालणे चांगलेच, त्याने मांडी मोकळी होते. जिन्यावरून मात्र तिला उचलूनच उतरवावे. आंघोळ चार-पाच दिवस नको. आंघोळीने लस धुऊन जाते असे पुष्कळांना वाटते, तसे काही नाही. दुखऱ्या अंगाला घासाघीस आणि ओल सोसवत नाही, एवढेच.

ताप नाकाला हात लावून कळत नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचे नाकही कोरडे आणि गरम लागते. डिजिटल थर्मामीटरला थोडे व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात अर्धा-पाऊण इंच सरकवायचा, दुसऱ्या माणसाने डोके धरून कानामागे खाजवत राहायचे, आणि बीप होईपर्यंत दोघांनी गप्पा मारल्यासारखे शांत राहायचे; कुत्रे आपला घाईघाईचा श्वासही ओळखते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्या मानाने कुत्रे नेहमीच तापलेले. लशीनंतर १०३ पर्यंत चढले तर विश्रांती आणि पाणी पुरते. १०४ ला टेकले, किंवा दुसरा दिवस संपला तरी उतरले नाही, तर डॉक्टरांना कळवावे.

आतापर्यंत लिहिले ते सारे साध्या ठणक्याविषयी. ॲलर्जीची प्रतिक्रिया निराळी असते आणि ती बहुधा काही मिनिटांत ते काही तासांत, त्याच दिवशी दिसते. तोंड, ओठ किंवा डोळ्यांभोवतीचा भाग फुगणे, पोटाच्या उघड्या कातडीवर गांधी उठणे, जीव घेतल्यासारखे तोंड खाजवत राहणे, लागोपाठ उलट्या किंवा जुलाब, हिरड्या पांढुरक्या पडणे, श्वासाला त्रास, लटपटून खाली बसणे : यांतले एकही दिसले तर शेक, पेज, थर्मामीटर सारे बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नये. चिंगीची हिरडी एरवी कोणत्या रंगाची असते हे आपल्याला ठाऊक आहे का? बहुतेकांना नसते. ती धडधाकट असताना एकदा ओठ वर करून पाहून ठेवावी.

मानेवरच्या गाठीबद्दल. सुपारीएवढी, थोडी घट्ट, बोटाने हलणारी आणि दोन-चार दिवसांनी न दुखणारी गाठ दोन ते चार आठवडे राहू शकते, आणि आपोआप विरते. माझ्या स्वतःच्या कुत्रीला अशी गाठ आली तेव्हा मी, पशुवैद्य असूनही, दिवसातून दहा वेळा ती चाचपत असे, आणि शेवटी बायकोने सुनावले की तू हात लावायचा थांबलास तर ती बसेल. आपण आठवड्यातून एकदाच पाहावे आणि अंदाज शब्दांत लिहून ठेवावा : सुपारी, हरभरा, मिरी. गाठ वाढत असेल, गरम आणि लाल होत असेल, पू किंवा पाणी येत असेल, किंवा महिन्यानंतरही तेवढीच असेल, तर दाखवावी. तिचे लंगडणे तीन दिवसांनंतरही तसेच राहिले असेल, तर तेही आता लशीच्या खात्यावर न टाकता तपासून घ्यावे. लहान जातीच्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष पुष्कळदा आढळतो, आणि योगायोगाने तो त्याच आठवड्यात लक्षात आला असे होऊ शकते.

राहिले यजमानांचे म्हणणे. त्यांना माझा नमस्कार सांगावा आणि सांगावे की आपण कोकणात राहतो. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याच आजाराची साथ आली होती, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले होते, हे त्यांना मी सांगायला नको. या लशीचे संरक्षण साधारण वर्षभरच टिकते, आणि खंड फार लांबला तर पुन्हा नव्याने दोन मात्रा, म्हणजे दोनदा टोचणे, आले. रेबीजविषयी तर वाद घालायलाही जागा नाही. लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही, ना कुत्र्याला ना माणसाला. लशी बंद करणे हा मार्ग नव्हे. त्या देण्याची रीत मात्र चिंगीपुरती बदलता येते, आणि ती बदलावी असे माझेही मत आहे.

पुढच्या वर्षी दोन्ही लशी एकाच दिवशी घेऊ नयेत. लेप्टोची लस मेच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी आणि रेबीजची त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाआधी दोन्ही उरकतील आणि दुखले तरी एकाच जागी दुखेल. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंचा भाग, पिल्लूपणीचे डोस आणि त्यानंतरचा बूस्टर पूर्ण झालेला असेल, तर दर तीन वर्षांनी पुरतो असे आजचे आंतरराष्ट्रीय मत आहे. म्हणून ‘यंदा फक्त लेप्टोची देता येईल का’ असे पुस्तिका दाखवून डॉक्टरांना अवश्य विचारावे. सुटी लेप्टोची लस सगळीकडे मिळतेच असे नाही, पण विचारल्याशिवाय कुणी मागवणारही नाही. वेळ सकाळची घ्यावी, आणि तीही रविवारच्या आदल्या दिवसाची नको, म्हणजे प्रतिक्रिया आलीच तर दवाखाने उघडे असतील. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या बाकावरच बसून राहावे. आणि डॉक्टरांना संकोच न करता म्हणावे की बाटली थोडी तळहातात धरून मग टोचा. दवाखाना नवीन काढला तेव्हा मीही घाईत फ्रीजमधली गार लस तशीच टोचत असे आणि कुत्री केकाटली की त्यांनाच भित्री म्हणत असे. एका म्हाताऱ्या कंपाउंडरने बाटली माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या मुठीत धरली, तेव्हापासून केकाटणे निम्म्यावर आले. दोन-तीन मिनिटे पुरतात. फार वेळ बाहेर ठेवली तर लस बिघडू शकते, म्हणून ते काम डॉक्टरांनीच करायचे.

लसीकरणाच्या पुस्तिकेत लशीचे चिकटपत्र असते, त्यावर बॅच क्रमांक असतो. त्याच्या शेजारी आजच आपल्या हाताने लिहून ठेवावे : कोणती लस कुठे टोचली, ठणका किती तास राहिला, पाय कधी टेकला, गाठ केवढी होती आणि कधी गेली; तोंडावर सूज आली नव्हती हेही लिहावे. पुढच्या वर्षी टेबलावर कदाचित दुसरे डॉक्टर असतील, आणि साधा ठणका होता की ॲलर्जी, हे त्यांना चिंगी सांगू शकणार नाही.